ऊसतोड कामगाराचे व्यक्तिचित्र कॅमेऱ्यात घेताना

संकटाला तोंड देणाऱ्या माणसावर माहितीपट करायला निघालेले बहुतेक नवे दिग्दर्शक आधी संकट निवडतात आणि मग त्यात बसेल असा माणूस शोधू लागतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. माणूस त्याच्या कामासह आणि स्वभावासह नीट दिसला की त्याच्यावर होणारा अन्याय वेगळा सांगावा लागत नाही. पुढील विवेचन मी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या उदाहरणाने करतो, कारण कष्ट, अन्याय आणि दरवर्षी घरदार पाठीवर घेऊन निघण्याचे धाडस ही तिन्ही त्यांच्या आयुष्यात एकत्र आढळतात.

चित्रणाआधी त्या जगाची भाषा शिकून घ्यावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी घेतलेली ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, तोडलेल्या उसाच्या टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फिटते. कामावर न आल्यास ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. ही माहिती नसलेला दिग्दर्शक फडात, म्हणजे उसाच्या शेतात, उभ्या असलेल्या बाईला दोन तास बोलते ठेवतो आणि त्या दोन तासांची किंमत कोणी मोजली, हे त्याच्या लक्षातही येत नाही. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढल्याचे दिसून आले. हा आकडा वाचून गेलेला माणूस पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेविषयी विचारतो. ते कटाक्षाने टाळावे. तो विषय काढायचा की नाही आणि कधी काढायचा, हे त्या बाईने ठरवावे.

पहिली भेट हंगामापूर्वी, तिच्या स्वतःच्या गावी आणि कॅमेऱ्याविना व्हावी. फडावर ती मजूर असते. गावात ती कोणाची सून, कोणाची थोरली जाऊ, बचत गटाची सदस्य, भजनात पुढे बसणारी बाई असते. हे आधी पाहिलेले असले तर फडावरचे चित्रण वेगळे होते. वेळेच्या बाबतीत कंजूषी करू नये. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तेथून सुरू झालेल्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचे काम आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे केले. प्रत्येकाला इतका काळ देता येणार नाही, परंतु एक पूर्ण हंगाम, म्हणजे निघण्याच्या दिवसापासून परतण्याच्या दिवसापर्यंतचा काळ, ही या विषयाची किमान गरज आहे.

संमतीबाबत मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण चुका येथेच होतात. मुकादमाच्या देखत घेतलेली संमती ही संमती नसते. त्याच्या परवानगीने फडात पाऊल टाकता आले असले तरी बाईचे ‘हो’ वेगळे, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) किंवा पाणवठ्यावर, दुसऱ्या बाईच्या सोबतीने विचारावे. कागदावर अंगठा घेण्यापेक्षा चित्रपट कोठे दाखवला जाईल, मोबाइलवर तो कोणीही पाहू शकेल, आपल्या गावातले आणि कारखान्यावरचे लोकही पाहतील, हे तिच्या बोलीत समजावून सांगून तिचे उत्तर ध्वनिमुद्रित करावे. चित्रण संपल्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारावा, कारण काय बोलून गेलो हे माणसाला नंतरच उमगते. सर्वांत मोठा धोका पुढच्या वर्षी उचल न मिळण्याचा असतो. ओळख लपवायची ठरल्यास केवळ चेहरा धूसर करून भागत नाही: आवाज, ट्रॅक्टरचा क्रमांक, बैलांच्या शिंगांचा रंग, हातावर गोंदलेले नाव यांवरूनही माणूस ओळखला जातो, म्हणून अशा व्यक्तीचे चित्रण सुरुवातीपासूनच हात, पाठ आणि सावली यांवर बेतावे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि पीडित बालक असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ माध्यमांना स्पष्ट मनाई करते.

प्रत्यक्ष चित्रणात कामाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे. पहाटे अंधारात चूल पेटते तेव्हा दिवा लावण्याचा मोह आवरावा. जाळाच्या उजेडात चेहरा पुरेसा दिसतो आणि थोडा अंधार राहिला तर राहू द्यावा. कॅमेरा नेहमी बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. जमिनीवर बसलेल्या माणसाला उभ्याने टिपले की तो आपोआप दीनवाणा दिसतो. दुरून मोठ्या भिंगाने चोरून घेण्याऐवजी ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या भिंगाने जवळ जाऊन चित्रण करावे, म्हणजे आपण तेथे आहोत हे तिला ठाऊक राहते. फडात वारा आणि पाचटाची सळसळ सतत असते, त्यामुळे कॉलर माइकला वाऱ्याचे आवरण हवेच. शिवाय कोयत्याचा घाव, मोळी बांधताना होणारा आवाज, रात्री-अपरात्री आलेल्या गाडीचा भोंगा हे सारे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. संकलनात निवेदनाची बरीच वाक्ये यामुळे गाळता येतात.

‘तुम्हाला कसे वाटते?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर बहुधा रडणे किंवा मौन असते. ‘पहिल्यांदा कोयता हातात घेतला तो फड कोणत्या गावचा होता?’, ‘डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढताना पाय कसा टाकायचा, हे कोणी शिकवले?’ असे विचारले की बाई आपल्या ज्ञानाविषयी बोलू लागते, आणि त्याच ओघात बाळंतपण, आजारपण, मुलीची सुटलेली शाळा हेही येते. डोळ्यांत पाणी आले तर कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ नेऊ नये. मुलाखतीमुळे काम बुडत असेल तर खाड्याचे पैसे उघडपणे भरून द्यावेत. मात्र विशिष्ट काही बोलण्यासाठी पैसे कधीही देऊ नयेत.

मार्च १९३६ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. ते जगभर गेले, पण त्यांनी तिचे नाव विचारले नव्हते. त्या फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन होत्या, हे १९७८ साली कळले, आणि या छायाचित्रातून आपल्याला काहीही मिळाले नाही ही त्यांची तक्रार होती. कुटुंबाने गाडीचे टायर विकल्याचे लँग यांनी लिहिले होते, तेही कुटुंबीयांनी नाकारले. म्हणून नाव, गाव, नाते आणि प्रत्येक तपशील त्या व्यक्तीला वाचून दाखवून पडताळावा. अन्यायाचा आरोप असेल तेथे उचलीची चिठ्ठी, वजनाची पावती, दवाखान्याचे कागद यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मुकादमाला व कारखान्याला उत्तर देण्याची संधी द्यावी. अर्थात, बोलणाऱ्याची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने.

धाडसाच्या कथांनाही हेच लागू होते. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. अशा मुलांवर माहितीपट करताना शिखरावरच्या झेंड्यापाशी थांबू नये. सराव, घरच्यांची धास्ती आणि सत्कार संपल्यानंतरचे वर्ष यांनाही तितकाच वेळ द्यावा.

संकलनात मराठवाड्याची बोली उपशीर्षकांत प्रमाण मराठीत बदलू नये. करुण संगीत घालू नये. पहिले संकलन झाले की ते अन्य कोणालाही दाखवण्यापूर्वी, कुटुंबे परतल्यानंतर, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये, गावात जाऊन दाखवावे. आधी ज्या बाईचे चित्रण केले तिला एकटीला, मग तिच्या घरच्यांना, आणि तिने होकार दिला तरच पारावर पडदा लावून सगळ्यांना. तिला खटकलेली प्रत्येक जागा वेळेसह वहीत लिहून घ्यावी, आणि त्या जागा दुरुस्त होऊन तिने पुन्हा पाहिल्याखेरीज अंतिम प्रत काढू नये.