प्रूफ वाचायच्या आधी वही काढा

एकट्याने गणित शिकताना आपण प्रूफ (म्हणजे सिद्धता) पटकन वाचतो, कळल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांनी पाटी कोरी. त्यापेक्षा आधी आकड्यांशी खेळा, खरंच. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा खेळच बघा ना, कुठलीही तीन अंकी संख्या, समजा ७३१ घ्या, अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करा, ७३१ − १३७ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५ आणि पुढे कितीही करा, ४९५च येतं (तिन्ही अंक सारखे नकोत, आणि ९९ आलं तर ०९९ धरा).

आता लगेच गुगल करू नका. मधला अंक दरवेळी ९ का येतो? अर्धा तास डोकं खाजवा, मग अंकांच्या जागी अक्षरं घाला, उतरत्या क्रमाने क, ख, ग, मग १००क + १०ख + ग मधून १००ग + १०ख + क वजा केलं की ९९(क − ग) उरतं, म्हणजे ख चा संबंधच नाही! पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच उत्तरं शक्य आहेत, ९९ ते ८९१, ती सगळी हाताने तपासली की झालं, हेच तुमचं प्रूफ. ही मजा वाचून येत नाही हो. मग चार अंकांवर जा, तिथे ६१७४ भेटेल, पण तिथे ख का गळत नाही ते स्वतः शोधा.