थर्ड पार्टी लेन्स आणि स्टॅबिलायझेशन : या चुका टाळा

हेलिओस ४४-२ ही थर्ड पार्टी, म्हणजे कॅमेऱ्याच्या कंपनीने न बनवलेली, लेन्स लावून आजीचे सात फोटो काढले, सातही हललेले. शटर १/३० सेकंदाला होता, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून चित्र टिपणारा सेन्सर सरकवणारी सोय) चालू होतं आणि माझा हात काही इतका कापत नाही. सोव्हिएत काळातली जुनी लेन्स, म्हणून तिच्याच नावाने बोटं मोडली. मग सहज मेनू उघडला, तर फोकल लेंथच्या (लेन्सचा मिमीतला आकडा) जागी १३५. अशी जुनी लेन्स हा आकडा कॅमेऱ्याला सांगत नाही, तो हातानेच भरावा लागतो. आदल्या रविवारी १३५ मिमीची लेन्स लावली होती, तो आकडा तसाच राहिला होता. हेलिओस आहे ५८ मिमीची.

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि तिच्यामागचं गणित एकदा समजलं की पुन्हा होत नाही. कॅमेऱ्यातला जायरो (हालचाल मोजणारा छोटा भाग) सांगतो तो फक्त कोन, म्हणजे बॉडी किती कलली ते. त्या कोनामुळे चित्र सेन्सरवर किती सरकेल हे फोकल लेंथवर ठरतं. हात ०.१ अंश हलला तर ५८ मिमीच्या लेन्समधून चित्र साधारण ०.१ मिमी सरकतं. लेन्स १३५ ची आहे असं समजून बसलेला कॅमेरा मात्र सेन्सर ०.२४ मिमी पळवतो. फरक उरला जवळपास ०.१३ मिमीचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरवर वीस-बावीस पिक्सेल. स्टॅबिलायझेशन बंद ठेवलं असतं तर फोटो कमी हलला असता!

यातून एक कामाची गोष्ट निघते. भरलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल तर फायदा कमी होतो, नुकसान नाही. खऱ्याच्या दुपटीच्या वर गेला की नुकसान सुरू. म्हणून ७०-२१० सारख्या जुन्या मॅन्युअल झूमला आकडा बदलत बसायचा कंटाळा असेल तर ७० भरा. २१० वर मदत तोकडी पडेल, पण घात होणार नाही.

आकडा कुठे भरायचा? सोनीत स्टेडीशॉटच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडजस्टमेंट ऑटोवरून मॅन्युअलवर आणा. निकॉन झेडमध्ये नॉन-सीपीयू लेन्स डेटा, फुजीत माउंट अ‍ॅडॉप्टर सेटिंग. पेंटॅक्स बिचारा चालू करतानाच विचारतो. ही ओळ माय मेनूत सगळ्यात वर टाकून ठेवा. आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे म्हणून दीडने गुणू नका. ३५ ची लेन्स असेल तर ३५ च, ५२ नाही. मी आता प्रत्येक जुन्या लेन्सच्या टोपणावर आकड्याची पट्टी चिकटवली आहे. दिसायला गचाळ आहे, पण टोपण काढताना नजर जातेच.

चिपवाला अ‍ॅडॉप्टर (परकी लेन्स बॉडीला जोडणारी आणि कॅमेऱ्याला आकडा सांगणारी कडी) घेतला की सुटलो, असंही नाही. काही स्वस्त चिपा कुठलीही लेन्स लावा, ५० मिमीच सांगतात. एक फोटो काढून त्याच्या माहितीत फोकल लेंथ काय दिसते ते बघा. लेन्स १३५ ची आणि माहितीत ५० असेल, तर कॅमेरा निम्म्याहून कमी कंप सावरतोय.

कॅमेऱ्याच्या डब्यावर स्टॅबिलायझेशनचे पाच अक्ष (पाच प्रकारची हालचाल) लिहिलेत म्हणून पाचही मिळतील ही अपेक्षाही सोडा. वर-खाली आणि डावी-उजवी सरकण सावरायला विषय किती अंतरावर आहे हे कळावं लागतं, आणि कॅमेऱ्याशी विजेने जोडणारे संपर्कबिंदू नसलेली लेन्स ते सांगू शकत नाही. मग कलणं, वळणं आणि गोल फिरणं एवढे तीनच अक्ष उरतात. लांबच्या विषयाला फरक जाणवत नाही. फुलाच्या पाकळीवर नाक टेकवून मॅक्रो काढताना मात्र नेमकी ती सरकणच फोटो घालवते. तिथे शटर वाढवा किंवा ट्रायपॉड घ्या.

लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन असेल तर गोंधळ वेगळा. तुमच्या बॉडीच्याच माउंटसाठी (लेन्स बसते ती जोडणी) बनवलेली टॅमरॉन किंवा सिग्मा कंपनीची लेन्स असेल तर बॉडी आणि लेन्स सहसा काम वाटून घेतात. पण अ‍ॅडॉप्टर मध्ये आला की दोघं एकमेकांशी बोलतीलच याची खात्री नाही. एकच धक्का दोघांनी सावरला तर तो दुप्पट सावरला जातो. शंका आली की एक बंद करा. लांबचं जवळ दाखवणाऱ्या टेली लेन्सला लेन्समधलं चालू ठेवा, कारण तिथे सेन्सरला हलायला जागा अपुरी पडते. फर्मवेअरही (आतलं सॉफ्टवेअर) ताजं आहे का तपासा. नवी बॉडी घेतली आणि लेन्स जुनी असेल तर आधी तेच. टॅमरॉनच्या नव्या लेन्सला यूएसबी-सीचं तोंड असतं, वायरने कॉम्प्युटरला जोडून ते अपडेट करता येतं.

व्हिडिओत वाइड लेन्सचे कोपरे जेलीसारखे थुलथुलतात, तो बिघाड नाही. सेन्सर सरकतो तेव्हा कोपरे मधल्या भागापेक्षा वेगळे ताणले जातात. बंद बॉडी हलवल्यावर आत खडखड होते तीही बहुतेक वेळा सुट्या सेन्सरचीच.

तरी नेमकं कळत नसेल तर एकच वस्तू १/१५ ला हातात धरून दहा वेळा स्टॅबिलायझेशन चालू ठेवून टिपा, दहा वेळा बंद करून. बंदचे जास्त स्पष्ट आले तर आकडा चुकलाय किंवा बॉडी आणि लेन्स भांडताहेत. मग १/१००० ला एक काढा. तोही मऊच (अस्पष्ट) आला, तर प्रश्न बहुधा फोकसचा आहे, हाताचा नाही.