वाक्यातील संदिग्धता कशी शोधावी
लिहिलेले वाक्य तपासताना संशय आधी शब्दावर घ्यावा. मात्र ‘उत्तर’ म्हणजे दिशा की जबाब, हे बहुधा शेजारचे शब्दच सांगून टाकतात. मुद्दाम साधलेला श्लेष सोडला, तर खरा घोळ रचनेत असतो. ‘सगळे सभासद आले नाहीत’ या वाक्यातून एकही सभासद आला नाही असाही अर्थ निघतो आणि काहीजणच आले असाही, कारण नकार ‘येणे’ या क्रियेला लागतो की ‘सगळे’ या शब्दाला, हे बोलताना आवाजाच्या आघातावरून कळते, कागदावर कळत नाही. तेथे सरळ ‘एकही सभासद आला नाही’ किंवा ‘काही सभासद आले नाहीत’ असे लिहावे. ‘जुनी पुस्तके आणि मासिके’ यातील मासिके नवी असतील, तर ‘मासिके आणि जुनी पुस्तके’ एवढा क्रमबदल पुरतो.