महामंदीचा अभ्यास: आधी दुखणं, मग औषध

१९२० ते १९४१ या काळातली अमेरिका अभ्यासताना बहुतेक विद्यार्थी न्यू डीलच्या, म्हणजे महामंदीतून सावरण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने आणलेल्या उपायांच्या, संस्थांपाशी अडकतात. सीसीसी (बेकार तरुणांना काम), एएए (शेतमालाचे भाव), टीव्हीए (टेनेसी खोऱ्यातली धरणं आणि वीज), डब्ल्यूपीए (बेकारांसाठी सरकारी कामं) ही नावं पाठ होतात आणि परीक्षेत एकमेकांत मिसळतात. याचं कारण असं की यादी औषधांची पाठ केलेली असते, दुखण्यांची नाही. म्हणून फुलस्केप कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: दुखणं काय होतं, ते कसं चिघळलं, कुठला कायदा आला, तो टिकला का. चौथा रकाना गाळू नका, खरं उत्तर तिथेच तयार होतं.

सुरुवात भरभराटीपासून करा, पण जॅझ आणि मोटारींवरच थांबू नका. फोर्डच्या मॉडेल टीची किंमत १९०८ साली ८५० डॉलर होती, ती विसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत ३०० डॉलरच्या खाली आली. देशातल्या मोटारी १९२० मध्ये सुमारे ८० लाख होत्या, १९२९ पर्यंत त्या २.३ कोटींवर गेल्या. रेडिओ, फ्रीज, मोटार हे सगळं हप्त्यांवर घेतलं जात होतं. त्याच वेळी पहिलं महायुद्ध संपून युरोपची मागणी ओसरल्यामुळे शेतमालाचे भाव १९२० पासूनच पडलेले होते आणि खेड्यांतल्या छोट्या बँका दरवर्षी शेकड्यांनी बुडत होत्या. तिसाच्या दशकाच्या मध्यावरही दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांवरचा कोटा आणखी कडक केला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत स्थायिक झालेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं होतं. ‘सुबत्तेचं दशक’ असं लिहिलं की ती कोणाची सुबत्ता, हेही त्याच वाक्यात लिहा.

आता शेअर बाजार. इथे तारखांपेक्षा मार्जिनचा, म्हणजे शेअर घेताना स्वतःच्या खिशातून भरायच्या हिश्श्याचा, हिशेब महत्त्वाचा आहे, तो स्वतः मांडून बघा. १०० डॉलरचे १०० शेअर घेतले, किंमत १०,००० डॉलर. दलालागणिक मार्जिन वेगळं असे. हिशेबासाठी १० टक्के धरा. खिशातले १,०००, दलालाचं कर्ज ९,०००. भाव १०० वरून ९० वर आला की शेअरची किंमत ९,००० होते, म्हणजे स्वतःचं भांडवल शून्य. दलाल आणखी पैसे मागतो, नाही दिले तर शेअर विकून टाकतो. अशा हजारो जणांचे शेअर एकदम विक्रीला आले की भाव आणखी पडतो आणि पुढच्या माणसाला पैसे भरायचा निरोप जातो. २९ ऑक्टोबर १९२९ ला एका दिवसात १.६ कोटींहून जास्त शेअर विकले गेले. शेअरच्या भावांची पातळी दाखवणारा डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर होता, ८ जुलै १९३२ ला ४१ वर. या ओळीचा तिसरा रकाना: १९३४ चा रोखे बाजार कायदा, बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीची स्थापना आणि मार्जिन ठरवण्याचा फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, मिळालेला अधिकार.

‘बाजार कोसळला म्हणून मंदी आली’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत सर्रास दिसतं आणि तिथेच उत्तर कच्चं राहतं. शेअर असलेली कुटुंबं थोडी होती. पडझडीची महामंदी झाली ती बँकांमुळे. बँक ठेवीतला बराचसा पैसा कर्जाने देते. एकदम सगळे ठेवीदार दारात आले तर चांगली बँकही बुडते. १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९,००० बँका बंद पडल्या, देशातला पैशाचा साठा जवळजवळ एक तृतीयांशाने घटला आणि किमती घसरत गेल्या.

घसरत्या किमतींनी कर्जदाराचं काय होतं ते गव्हावर पाहा. वर्षाचा हप्ता ५०० डॉलर धरा. गहू बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, १ डॉलर होता तेव्हा ५०० बुशेल विकून हप्ता फिटायचा. १९३२ मध्ये भाव ४० सेंटच्याही खाली गेला. ४० धरले तरी १,२५० बुशेल लागतात. शेत तेवढंच, कर्ज तेवढंच. मग जप्ती येते, लिलावात जमिनीला भाव येत नाही, आणि त्या जमिनीवर कर्ज दिलेली बँकही बुडते. हाच फास आपल्याकडेही बसला: मालाचे भाव निम्म्यावर आले, शेतसारा आणि सावकाराचं देणं मात्र तसंच राहिलं. १९३१ नंतर भारतातून सोन्याचा ओघ बाहेर गेला, त्यात शेतकरी घरांतले दागिनेही होते.

आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. १९२९ ते १९३३ मध्ये उत्पन्न जवळजवळ निम्म्याने घटलं असं एक पुस्तक म्हणेल, दुसरं म्हणेल साधारण पाव. पहिला आकडा चालू किमतींचा, दुसरा किमतींची घसरण वजा करून काढलेला, दोन्ही बरोबर. १९३३ ची बेरोजगारी सुमारे २५ टक्के यावर फारसा वाद नाही. नंतरच्या वर्षांचे आकडे मात्र वेगळे दिसतात, कारण सरकारी मदतकामावरच्या मजुरांना काही अभ्यासक बेरोजगार धरतात, काही नाही.

रूझवेल्टचे पहिले दहा दिवस तारखेनिशी लक्षात ठेवा: ४ मार्च १९३३ शपथविधी, ६ मार्च देशभर बँका बंद, ९ मार्च बँकिंग कायदा, १२ मार्च रेडिओवरून भाषण, १३ मार्चपासून तपासलेल्या बँका उघडायला सुरुवात. लोक काढलेले पैसे पुन्हा भरायला आले. जूनच्या ग्लास-स्टीगल कायद्यातून ठेवविमा आला. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. ठेवीदाराला धावत सुटायचं कारणच उरलं नाही. माझ्या मते न्यू डीलमधला सर्वांत परिणामकारक उपाय हाच.

बाकीच्या ओळी भरभर भरता येतात. बेकार तरुणांसाठी सीसीसी: महिना ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे. म्हातारपणासाठी १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, कामगार संघटनांसाठी त्याच वर्षीचा वॅग्नर कायदा, किमान वेतनासाठी १९३८ चा कायदा, तासाला २५ सेंट.

चौथ्या रकान्यात लिहा: उद्योगांना सावरण्यासाठीचा एनआयआरए कायदा मे १९३५ मध्ये आणि शेतीचा एएए जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आणि हेही लिहा की सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार नेमके याच कामांत होते. हा मुद्दा नसेल तर उत्तर अर्धंच.

शेवटची ओळ १९३७ ची, आणि तीच बहुतेक जण विसरतात. तब्येत सुधारली असं मानून सरकारी खर्च आखडला गेला, फेडरल रिझर्व्हने बँकांनी राखायच्या निधीचं प्रमाण दुप्पट केलं, आणि १४ टक्क्यांवर आलेली बेरोजगारी १९३८ मध्ये पुन्हा १९ टक्क्यांवर गेली. म्हणून तक्ता १९३६ ला बंद करू नका. तो युद्धसामग्रीचे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू होईपर्यंत, १९४१ पर्यंत न्या.