टँकरचं पाणी काठीने मोजा
दहा हजार लिटरचा म्हणून आलेला टँकर खरंच तेवढा भरलेला होता का? सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतच ते कळतं. टाकी धुवायला काढली की आतली लांबी-रुंदी फुटांत मोजून घ्या. दोन्हींचा गुणाकार करून त्याला २.३६ ने गुणा. हे झाले एक इंच पाण्याचे लिटर. आकडा झाकणाच्या आतून रंगवूनच ठेवा, कागद हमखास हरवतो.

१२ बाय १० फुटांच्या टाकीत इंचाला सुमारे २८३ लिटर, म्हणजे दहा हजारांना पातळी ३५ इंच चढायला हवी. टँकर लावण्याआधी आणि रिकामा झाल्यावर कोरडी काठी तळापर्यंत बुडवून ओल मोजा, शक्यतो टँकरवाल्याच्या देखतच.

तेवढा वेळ पंप आणि नळाचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, नाहीतर सगळा हिशेब चुकेल.