कांदाभावाचं पान करायचंय? आधी प्रोजेक्ट नीट मांडा: नोड, व्हीट आणि व्हीएस कोड

नाशकात वेब डेव्हलपमेंट शिकणारी बरीच पोरं व्हिडिओ बघून थेट कोड लिहायला बसतात, स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं मस्त चालतं, आणि मग तोच फोल्डर सिडकोतल्या मित्राने उघडला की लाल अक्षरांची रांग लागते. म्हणून माझी सेटअपची कसोटी एकच आहे, फोल्डर दुसऱ्याच्या मशीनवर गेला आणि दोन कमांडमध्ये चालू झाला तर सेटअप बरोबर, नाहीतर अजून काम बाकी आहे. खालचं सगळं त्याच हिशोबाने सांगतोय.

उदाहरण म्हणून आपण एक छोटं पान धरू: लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे भाव, लाल आणि उन्हाळ वेगवेगळे, क्विंटलमागे किमान, कमाल आणि सरासरी. कमांड इथे बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत आणि सगळं स्मॉल लेटरमध्ये.

पहिलं नोड, म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं टूल. नोडच्या साइटवरून एलटीएस (जास्त काळ सांभाळलं जाणारं) लिहिलेलं व्हर्जन घ्या, सम आकड्याचं असतं ते, विषम आकड्याच्या नादाला लागू नका. व्हीट, म्हणजे पान चालवून दाखवणारं आणि शेवटी बांधून देणारं टूल, त्याच्या ७ व्या व्हर्जनला नोड २०.१९ किंवा २२.१२ आणि त्यापुढचं लागतं, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं नोड पडलेलं असेल तर तिथेच अडकाल. इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) नोड, स्पेस, डॅश व्ही टाकून व्हर्जन येतंय का बघा.

विंडोजवर इथे एक हमखास अडथळा येतो. एनपीएम (नोडसोबत येणारं, पॅकेज बसवायचं टूल) टाइप केलं की पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं टर्मिनल, म्हणतं या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. घाबरून नोड परत परत इन्स्टॉल करू नका, नोडचा काही दोष नाही. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) च्या टर्मिनलमध्ये प्लसच्या शेजारी छोटा बाण आहे, तिथे डिफॉल्ट प्रोफाइल कमांड प्रॉम्प्ट करा, टर्मिनल बंद करून नवीन उघडा, झालं.

फोल्डर कुठे करायचा हेही महत्त्वाचं आहे. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर तिथे अजिबात नको, कारण नोड मॉड्यूल्स (पॅकेजेस बसतात तो फोल्डर) मधल्या हजारो बारीक फायली तो ढगात चढवत बसतो आणि लॅपटॉप रडतो. सी ड्राइव्हवर सरळ एक वर्क नावाचा फोल्डर करा, नावात स्पेस नको, मराठी अक्षरंही नकोत (पानात मराठी हवीच, पण फोल्डरच्या नावात काही टूल्स अजून अडखळतात).

आता त्या फोल्डरमध्ये एनपीएम क्रिएट व्हीट ॲट लेटेस्ट. व्हीटचं स्पेलिंग व्ही, आय, टी, ई. नाव विचारेल, कांदाभाव द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत, फ्रेमवर्कमध्ये व्हॅनिला (म्हणजे कुठलंच फ्रेमवर्क नाही) घ्या, मग जावास्क्रिप्ट. एवढ्याशा पानाला रिॲक्टसारखं फ्रेमवर्क लागत नाही आणि आधी साध्यावर हात बसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. मग फोल्डरमध्ये जाऊन एनपीएम इन्स्टॉल, नंतर एनपीएम रन डेव्ह, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५१७३ वर पान दिसेल. व्हीट इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलं, त्यांनीच आधी व्ह्यू हे फ्रेमवर्क बनवलं होतं. डेव्ह सर्व्हर भराभर चालतो कारण तो सगळा प्रोजेक्ट आधी बांधत बसत नाही, ब्राउझर जी फाइल मागेल तीच त्या वेळी देतो.

इंडेक्स एचटीएमएल उघडा आणि दुसऱ्याच ओळीतलं लँग इएन (पानाची भाषा इंग्रजी) बदलून एमआर करा. हे लोक सोडून देतात आणि मला ते खटकतं. स्क्रीन रीडर मराठी पान इंग्रजी समजून वाचायला जातो, आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी ते दिसत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. सीएसएसमध्ये लेटर स्पेसिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळींतली उंची दीडच्या पुढेच ठेवा म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसत नाहीत. आकडे हाताने मराठीत लिहायचीही गरज नाही, टू लोकेल स्ट्रिंग या जावास्क्रिप्टच्या फंक्शनला एमआर डॅश आयएन दिलं की १,५०,००० असं आपल्या पद्धतीने स्वल्पविरामासकट मिळतं. भाव एका जेसन फाइलमध्ये (नुसती माहिती ठेवायची साधी फाइल) ठेवा, व्हीट ती थेट इंपोर्ट करू देतं, म्हणजे उद्या घरातलं दुसरं कोणी भाव भरणार असेल तर त्याला कोडला हात लावावा लागत नाही.

आता एडिटर. व्हीएस कोडमध्ये ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवतं) आणि प्रिटियर (कोड नीट मांडून देतं) एवढी दोन एक्स्टेंशन पुरे, वीस टाकून एडिटर जड करू नका. प्रिटियर डिफॉल्ट फॉरमॅटर करा, फॉरमॅट ऑन सेव्ह चालू करा, पण हे सेटिंग स्वतःच्या यूजर सेटिंगमध्ये न टाकता वर्कस्पेसमध्ये टाका, म्हणजे प्रोजेक्टच्या आत डॉट व्हीएसकोड फोल्डरमध्ये सेटिंग्ज जेसन तयार होते आणि ती गिटमधून (कोडमधले बदल नोंदवून वाटायचं टूल) सगळ्यांकडे जाते. एक इथे एक गंगापूर रोडला असे दोघं मिळून काम करत असाल आणि एकाचा एडिटर दोन स्पेस देतो, दुसऱ्याचा चार, तर प्रत्येक कमिटमध्ये (गिटमधली बदलाची नोंद) अख्खी फाइल बदललेली दिसते आणि खरा बदल शोधता शोधता डोळे दुखतात. व्हीटच्या गिटइग्नोरमध्ये (गिटने काय घ्यायचं नाही त्याची यादी) डॉट व्हीएसकोड फोल्डर वगळलेला असतो, एक्स्टेंशन्स जेसन तेवढी सोडून, तर तिथे सेटिंग्ज जेसनसाठीही उद्गारचिन्हाची तशीच एक ओळ घाला.

गिटमध्ये काय जायचं आणि काय नाही? नोड मॉड्यूल्स आणि डिस्ट (शेवटी बांधलेलं, सर्व्हरवर चढवायचं पान येतं तो फोल्डर) जायचे नाहीत, गिटइग्नोर ते आधीच सांभाळतो. पॅकेज लॉक जेसन मात्र गेलीच पाहिजे, एवढी मोठी आणि न वाचता येणारी फाइल बघून ती काढून टाकायचा मोह होतो, पण नेमकी कुठल्या पॅकेजची कुठली व्हर्जन चालत होती हे तीच सांगते. समोरच्याने एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवलं की लॉकमध्ये आहे तेच आणि तेवढंच बसतं. आणि नोड मॉड्यूल्स पेनड्राइव्हवर देऊ नका, त्यात त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेल्या फायली असतात, विंडोजवरच्या लिनक्सवर चालणार नाहीत.

गुपित कीच्या बाबतीत नीट लक्ष द्या. डॉट ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हीट अंडरस्कोरने सुरू होणारं जे काही लिहाल ते बिल्ड झाल्यावर कोणालाही ब्राउझरमध्ये वाचता येतं, पासवर्ड तिथे नकोच. शिवाय टेम्प्लेटचा गिटइग्नोर शेवटी डॉट लोकल असलेल्याच फायली वगळतो, साधी डॉट ईएनव्ही वगळत नाही, ती ओळ आपण घालायची.

मोबाइलवर बघायचं तर एनपीएम रन डेव्ह, स्पेस, दोन डॅश, स्पेस, दोन डॅशला चिकटून होस्ट. नेटवर्क म्हणून एक पत्ता येईल तो त्याच वायफायवरच्या फोनमध्ये टाका, विंडोजने फायरवॉलचं विचारलं तर प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या. कॉलेजच्या वायफायवर कधीकधी एका डिव्हाइसला दुसरं दिसू देत नाहीत, मग फोनचा हॉटस्पॉट वापरा. हे पान निफाड-चांदवडकडचा शेतकरी फोनवरच बघणार आहे, लॅपटॉपवर छान दिसून उपयोग नाही.

झाल्यावर एनपीएम रन बिल्ड. डिस्ट फोल्डर तयार होतो, पण त्यातली इंडेक्स फाइल डबल क्लिक करून उघडली तर स्क्रिप्ट चालत नाही आणि पान कोरं दिसतं, कारण ब्राउझर मॉड्यूल स्क्रिप्ट फाइलवरून थेट चालवू देत नाही. एनपीएम रन प्रिव्ह्यू चालवा, ४१७३ वर खरं दिसेल. साइट डोमेनच्या आत एखाद्या सबफोल्डरमध्ये चढवणार असाल तर व्हीट कॉन्फिगमध्ये बेस सेट करा, नाहीतर सीएसएस सापडत नाही.

आणि चढवण्याआधी फायलींची नावं तपासा. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, लिनक्स सर्व्हरला नाही, त्यामुळे इंपोर्टमध्ये एक अक्षर चुकलं तरी घरी चालतं आणि सर्व्हरवर बिल्ड पडतं. नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर विंडोजवर गिटला तो बदल बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून नाव गिट एमव्ही वापरून बदला, मग कमिट करा, प्रोजेक्ट दुसऱ्याच एका रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करा (गिटमधून त्याची नवी प्रत उतरवा) आणि तिथे एनपीएम सीआय, मग एनपीएम रन बिल्ड चालवून बघा.