श्यानता उतरली, की साखळ्या तुटल्या?

इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू घडवण्याच्या, विभागात रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. पॉलिकार्बोनेटच्या एका पातळ झाकणाचा टोकाचा कोपरा साच्यात भरतच नव्हता; दर शॉट शॉर्ट निघत होता. वितळलेल्या मालाची श्यानता, म्हणजे कारखान्यात आपण जिला व्हिस्कॉसिटी म्हणतो ती, कमी करायला हवी एवढे मला कळत होते, म्हणून मी बॅरलचे, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळकांड्याचे, तापमान 290 अंशांवरून 310 वर नेले. कोपरा भरला. मात्र दुसऱ्या दिवशी जुळणी करताना स्क्रू आवळताच तीच झाकणे बॉसपाशी, म्हणजे स्क्रू बसतो त्या उंचवट्यापाशी, तडकू लागली.

कच्च्या मालाचे दाणे नीट वाळलेले नव्हते. पॉलिकार्बोनेट सुमारे 120 अंशांवर तीन-चार तास वाळवून त्यातला ओलावा 0.02 टक्क्यांखाली आणावा लागतो. तसे न केल्यास बॅरलच्या उष्णतेत तेच पाणी रेणूंच्या साखळ्या तोडते, आणि तापमान वाढवून मी ती मोडतोड अधिकच वेगवान केली होती. नॉझलमधून बाहेर सोडलेला माल निरखला असता, तर त्यातले बुडबुडे तेव्हाच दिसले असते. गेटपासून, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून, पसरलेल्या चंदेरी रेषा तर झाकणावरच होत्या.

नव्याने येणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा. साखळ्या एकमेकींवरून सहज सरकू लागल्या तरी माल पातळ होतो आणि तुटून आखूड झाल्या तरीही होतो. साखळीची सरासरी लांबी निम्मी झाली, तर संथ प्रवाहातली श्यानता सुमारे दहा पटींनी उतरते. पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडासाठी पेरॉक्साइड घालून साखळ्या मुद्दाम तोडतात, कारण तिथे बारीक तंतू हवे असतात. स्क्रूचा ताण सोसणाऱ्या झाकणाला मात्र लांब साखळ्याच लागतात.

उपायही मालागणिक बदलतो. पॉलिएथिलीनमध्ये तापमानापेक्षा इंजेक्शनचा वेग वाढवल्याचा परिणाम जास्त होतो, कारण घर्षणाच्या ताणाखाली त्याच्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओळीत येतात. पॉलिकार्बोनेट तापमानाला अधिक प्रतिसाद देते. पीव्हीसी जास्त तापवले, तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, म्हणून तिथे वंगणद्रव्यांचा आधार घेतात.

आमचे झाकण शेवटी दाणे नीट वाळवून, साचा 90 अंशांवर ठेवून आणि वेग वाढवून भरले. त्यानंतर मी दाण्यांचा आणि झाकणाच्या वाळवलेल्या चुऱ्याचा मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा, 300 अंशांवर, 1.2 किलोच्या वजनाखाली शेजारी शेजारी मोजू लागलो. चुऱ्याचा आकडा दाण्यांपेक्षा बराच वर गेलेला दिसला, की मी पहिल्यांदा ड्रायरपाशी जातो.